बत्तीस नंबरची डबी

मे महिना. पाचपावलीच्या पुलाखाली
डांबर चपलेला चिकटतं,
आणि माझ्या पिशवीत साठ डब्या,
बोटाएवढ्या, हिरव्या झाकणाच्या.
झाकणालाच काडी. काडी जिथे टोचायची
त्याचं नाव पहिल्या दिवशी
अकरा घरांत माझ्या तोंडून निघालं नाही.

बाराव्या घरी शेवंताबाई निमजे म्हणाल्या,
"अवं, शी म्हन ना सरळ. शीच तं आहे."
तेव्हापासून मी सरळ म्हणते.

तांडापेठेत तारेवर सुताच्या लडी वाळत होत्या.
मुकुंदाजी हेडाऊ, वय एकसष्ट:
"काऊन तपासू? मले तं काहीच नाही झालं.
सावजीचा रस्सा पचते अजून."
काही झालं नाही म्हणूनच आले, काका.
हे वाक्य भर दुपारी कुणालाच पटत नाही.
दुखलं तर मेडिकल आहे, मेयो आहे,
न दुखण्यासाठी कोण रांगेत उभं राहील?

मग त्यांचा माग दिसला.
विचारलं, लुगडं उतरलं की
उजेडासमोर कशाला धरता?
"तुटका धागा दिसते ना बाप्पा."
प्रत्येकात असतो?
"छे. शंभरात एखाद्यात."
मग शंभरही का धरता?

ते माझ्याकडे पाहत राहिले.
कूलर गळत होता, खाली टोपलं ठेवलेलं.
डबी घेतली त्यांनी. नंबर बत्तीस.

त्यांना सांगितलं नाही
की माझ्या घरी चौदा महिने
मूळव्याध समजून इसबगोल चालू होतं.
नवरा ऑटो चालवायचा. रक्त दिसलं की
सीटला दोष द्यायचा, उन्हाला, तिखटाला.
मला सांगितलं ते
पट्टा तीन भोकं आत गेल्यावर.
डॉक्टरीणबाई हळू बोलल्या होत्या,
की काही वर्षांपूर्वी हा नुसता मोड असेल,
मटकीएवढा.

अजूनही रात्री मटकी फडक्यात बांधते.
गाठ मारताना हात थांबतो, मग मारते.
सकाळी मुलांना डबा लागतोच.

साठांतल्या सत्तेचाळीस परत आल्या.
एकीत कुणी हळद भरून दिली, मजा म्हणून.
त्रेचाळीस जणांना सांगितलं, काही नाही.
कुणी दार अर्धंच उघडून ऐकलं,
कुणी म्हणालं, हे तं आमाले माहीतच होतं.
तिघांत रक्त निघालं, डोळ्यांना न दिसणारं.

त्यात शेवंताबाई. दहा दिवस धड जेवल्या नाहीत.
दुर्बीण आत जाऊन आली, सगळं साफ,
खरोखरच मूळव्याध.
त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.
त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

दुसरे हंसापुरीचे झिबल कुंभारे,
पतंगाच्या कामट्या तासतात.
दुर्बिणीच्या तारखेला आलेच नाहीत.
फोन बंद. तीनदा गेले, तीनदा कुलूप.

तिसरी डबी बत्तीस.

मोड दुर्बिणीतूनच काढला, त्याच बैठकीला.
चिरणं नाही, टाका नाही.
तपासायला पाठवला, तर कागदावर आलं
की अजून वाईट झाला नव्हता,
होण्याच्या वाटेवर होता.
आठवड्याने हेडाऊकाका चौकात तर्री-पोहे खाताना दिसले.
(तर्री कमी घ्या म्हटलं. ऐकलं नाही.)
म्हणाले, "दुखलंच नाही वं पोरी.
मंग मी वाचलो तरी कायच्यातून?"

काय दाखवू?
न झालेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही.
माझ्या मोबाइलमध्ये एकच फोटो आहे,
झालेल्या गोष्टीच्या आधीचा,
फुटाळ्याच्या काठावर, पट्टा पहिल्या भोकात.

म्हटलं, काका, दुर्बिणीची पुढची तारीख
कार्डावर लिहिली आहे. हरवू नका.

रजिस्टरात बत्तीससमोर खूण केली
आणि हंसापुरीला वळले.
आजही कुलूपच.
शेजारच्या पोरानं सांगितलं, काका
बहिणीकडे उमरेडला गेले, सोमवारी येतील.

चिठ्ठी कडीत खोचली, घट्ट,
लू मध्ये उडू नये म्हणून दोन घड्या घालून.
सोमवारी.